आकडा कोणत्या आठवड्याचा? प्री-एक्लाम्पसिया, आईच्या रक्ताचे रिपोर्ट आणि नवजात बाळ

गरोदरपणाच्या २० आठवड्यांनंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर जातो आणि त्याबरोबर लघवीत प्रथिने उतरतात, किंवा यकृत, मूत्रपिंड, प्लेटलेट, मेंदू यांपैकी कशावर तरी ताण दिसतो, तेव्हा त्याला प्री-एक्लाम्पसिया म्हणतात. या आजारातल्या रक्ततपासण्यांबद्दल आणि बाळाबद्दल आलेले काही प्रश्न येथे घेतले आहेत. उत्तरे प्रसूतितज्ज्ञ आणि नवजात शिशुतज्ज्ञ यांनी मिळून दिली आहेत.

प्रश्न : मला ३१ वा आठवडा चालू आहे. बीपी दोनदा १४४/९२ आले, लघवीत प्रथिने नाहीत. ‘एस-एफएलटी-१ भागिले पीएलजीएफ’ अशी एक तपासणी केली, तिचा आकडा २९ आला आणि डॉक्टरांनी घरी पाठवले. बीपी तर वाढलेलेच आहे. या एका आकड्यावर एवढा विश्वास ठेवावा का?

एका आठवड्यापुरता ठेवावा. त्यापुढे नाही.

ही दोन्ही प्रथिने मुख्यतः वारेतून आईच्या रक्तात येतात. पीएलजीएफ रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर निरोगी राखते. एस-एफएलटी-१ रक्तात मोकळे फिरते आणि पीएलजीएफला पकडून निकामी करते. वारेला रक्त नीट मिळेनासे झाले की पीएलजीएफ कमी होते, एस-एफएलटी-१ वाढते आणि अस्तर बिघडू लागते. मूत्रपिंडात ते बिघडले की प्रथिने गळतात, यकृतात बिघडले की एन्झाइम वाढतात. २००३ साली उंदरांना एस-एफएलटी-१ दिल्यावर त्यांच्यात वाढलेला रक्तदाब, लघवीतली प्रथिने आणि मूत्रपिंडातले तसेच बदल दिसले. तेव्हापासून या जोडीकडे आजाराची नुसती खूण म्हणून न पाहता कारणातला भाग म्हणून पाहिले जाते.

तुमचा २९ हा आकडा म्हणजे या दोन प्रथिनांचे गुणोत्तर. त्यासाठी वापरली जाणारी ३८ ही सीमा २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासातून आली. त्यात २४ ते ३७ आठवड्यांच्या दरम्यानच्या, आजाराची शंका असलेल्या स्त्रिया होत्या. गुणोत्तर ३८ किंवा कमी असेल तर पुढच्या एका आठवड्यात प्री-एक्लाम्पसिया न होण्याची खात्री ९९.३ टक्के होती. उलट बाजूने मात्र हा आकडा बराच दुबळा आहे. ३८ च्या वर गेलेल्यांपैकी पुढच्या चार आठवड्यांत आजार झाला तो सुमारे ३७ टक्के जणींनाच. म्हणजे ‘आत्ता नाही’ हे ही तपासणी ठामपणे सांगते, ‘होणारच’ हे तिला सांगता येत नाही.

तुमचे २९ म्हणजे या आठवड्यापुरते चांगले उत्तर आहे. बीपी चढेच राहिले किंवा नवे लक्षण दिसले तर आठ-पंधरा दिवसांनी तपासणी पुन्हा करावी लागेल. शिवाय १४४/९२ हे बीपी स्वतःहून वाढलेले आहेच. त्याची गोळी, त्याची नोंद आणि दर भेटीला लघवीची तपासणी गुणोत्तर चांगले आले म्हणून थांबत नाही.

घरी बीपी मोजताना आधी लघवी करून या. पाठ टेकून, पाय जमिनीवर सरळ ठेवून पाच मिनिटे गप्प बसा. दंड हृदयाच्या पातळीवर टेकवा. पट्टा दंडाच्या घेराला पुरेल एवढा हवा. तो लहान पडला तर बीपी खोटेच जास्त दिसते. यंत्र गरोदर स्त्रियांवर पारखलेले असावे, कारण काही स्वयंचलित यंत्रे नेमक्या याच आजारात बीपी कमी दाखवतात. वरचा आकडा १६० किंवा खालचा ११० झाला, पंधरा मिनिटांनी पुन्हा तेवढाच आला, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका, लगेच निघा. न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणे किंवा अंधुक दिसणे, उजव्या बरगडीखाली दुखणे, धाप लागणे, बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही झाले तरी तेच. मग गुणोत्तर २९ असो की ९.

प्रश्न : पत्नीला ३० आठवडे झाले आहेत. तिचे हेच गुणोत्तर ९६ आले. लॅबच्या कागदावर ‘८५ च्या वर’ असा शेरा आहे. मग बाळ लगेच बाहेर काढायला नको का?

या आकड्यावरून कोणी प्रसूती करत नाही, करूही नये. ३४ आठवड्यांच्या आत ८५ च्या वर आणि त्यानंतर ११० च्या वर गुणोत्तर गेले तर वारेच्या बिघाडाची शक्यता बळकट होते, एवढाच त्याचा अर्थ. आठवडा पुढे सरकला की सीमा बदलते, कारण निरोगी गरोदरपणातही शेवटच्या महिन्यांत पीएलजीएफ उतरते आणि एस-एफएलटी-१ चढते. ३० व्या आठवड्यातले ९६ आणि ३६ व्या आठवड्यातले ९६ यांचा अर्थ एक नाही. जुळे असेल तर हा आकडा तसाही वर असतो. तिथे एका बाळाची सीमा लावू नये.

प्रसूती कधी करायची हे आईची आणि बाळाची अवस्था पाहून ठरते. बीपी औषधाने आटोक्यात, रक्ताचे रिपोर्ट ठीक, गंभीर लक्षण नाही, बाळाचे ठोके आणि डॉपलर (रक्तप्रवाह पाहणारी सोनोग्राफी) समाधानकारक, अशा स्थितीत ३७ आठवड्यांपर्यंत थांबतात. गंभीर स्वरूपाचा आजार असेल तर साधारणपणे ३४ आठवड्यांना प्रसूती करतात. त्याआधी तो झाला आणि दोघे स्थिर असतील तर मोठ्या रुग्णालयात दाखल करून एकेक दिवस मिळवतात. त्या मिळवलेल्या वेळात बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टेरॉइड देता येते : बीटामेथासोन १२ मिग्रॅ, २४ तासांच्या अंतराने दोनदा, किंवा डेक्सामेथासोन ६ मिग्रॅ, १२ तासांच्या अंतराने चार वेळा. प्रसूती झालीच तर ती नवजात अतिदक्षता विभाग असलेल्या ठिकाणी व्हावी, ही सोयही याच वेळात करायची. ९६ या आकड्याचा खरा उपयोग इथे आहे. तो तयारीला वेळ देतो.

गुणोत्तर दोन-चार दिवसांनी पुन्हा केले तर चढ किती वेगाचा आहे ते कळते. ते ६५५ च्या वर गेले असेल तर दोन दिवसांत प्रसूती करावी लागण्याची शक्यता फार वाढते. दोन्ही वेळा एकाच लॅबमध्ये, एकाच पद्धतीने करा. वेगळ्या यंत्रांचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत. पत्नीला हेपारिनचे (रक्त गोठू न देणारे) इंजेक्शन चालू असेल, किंवा केसांसाठी जास्त मात्रेचे बायोटिन ती घेत असेल, तर नमुना देण्याआधी लॅबला सांगा. हेपारिनमुळे एस-एफएलटी-१ वाढलेले दिसू शकते आणि बायोटिनमुळे काही यंत्रांचे मापनच चुकते.

प्रश्न : बाराव्या आठवड्यातल्या तपासणीत धोका ‘७० पैकी १’ आला आणि ॲस्पिरिन सुरू केले. माझे बीपी अगदी नॉर्मल आहे. आजार नसताना औषध कशाला?

कारण हे औषध आजार होण्याआधीच काम करते. वार गर्भाशयाच्या रक्तवाहिन्यांत रुजण्याचे काम पहिल्या अर्ध्या गरोदरपणात होते. ॲस्पिरिन १६ आठवड्यांच्या आत सुरू झाले तरच त्याचा चांगला उपयोग होतो. विसाव्या आठवड्यानंतर बीपी चढल्यावर ते सुरू करून गेलेली वेळ परत येत नाही.

११ ते १४ आठवड्यांच्या या तपासणीत तुमची माहिती, दोन्ही दंडांचे सरासरी बीपी, गर्भाशयाच्या धमन्यांचे डॉपलर आणि रक्तातले पीएलजीएफ एकत्र करून धोका काढतात. १०० पैकी १ किंवा त्याहून जास्त धोका असेल तर औषध देतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा स्त्रियांना रोज रात्री १५० मिग्रॅ ॲस्पिरिन ३६ आठवड्यांपर्यंत दिले. ३७ आठवड्यांच्या आत प्रसूती करावी लागणारा आजार ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आला. दिवस भरल्यावर होणाऱ्या आजारात मात्र फारसा फरक पडला नाही. ‘७० पैकी १’ चा दुसरा अर्थ असा की तुमच्यासारख्या ६९ जणींना हा लवकरचा आजार होणार नाही. आकडा भीती वाटावी एवढा मोठा नाही, पण गोळी रोज घ्यावी एवढा नक्कीच आहे.

७५ मिग्रॅच्या दोन गोळ्या रात्री, न चुकता घ्या. मधूनमधून चुकवणाऱ्यांना फायदा कमी होतो, हे त्याच अभ्यासात दिसले. ॲस्पिरिनची ॲलर्जी, त्याने उठणारा दमा, जठराचा व्रण किंवा रक्तस्रावाचा आजार असेल तर आधी सांगा.

एक गोष्ट स्वतः तपासून घ्या. या गणितात तुमचे वजन, गरोदरपणाचे नेमके दिवस, मधुमेह, आधीचे गरोदरपण आणि गर्भधारणा उपचाराने झाली का, हे सगळे भरावे लागते. वजन ५८ च्या जागी ८५ टाइप झाले तर रक्ताचा आकडा बरोबर असूनही निकाल चुकतो. फॉर्मवरच्या नोंदी वाचल्याशिवाय सही करू नका.

प्रश्न : ३४ आठवडे. रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन ०.९५ आहे, छापील नॉर्मल ०.६ ते १.१. तरी डॉक्टर काळजीत पडल्या. प्लेटलेट ८२,००० आल्या, पण दुसऱ्या लॅबमध्ये १,९०,०००. कोणावर विश्वास ठेवायचा?

डॉक्टरांची काळजी रास्त आहे. रिपोर्टवर छापलेली मर्यादा गरोदर नसलेल्यांची असते. गरोदरपणात मूत्रपिंड जास्त रक्त गाळतात, त्यामुळे क्रिएटिनिन साधारण ०.४ ते ०.८ च्या दरम्यान राहते. तुमचे ०.९५ कागदावर नॉर्मल, गरोदरपणात वाढलेले. १.१ च्या वर गेले किंवा आधीच्या दुप्पट झाले तर तो गंभीर आजाराचा निकष ठरतो. अल्कलाइन फॉस्फटेजचे याच्या उलट आहे. ते वारेतूनही येते, म्हणून शेवटच्या महिन्यांत लाल अक्षरात छापून येते आणि बहुधा त्यात काही नसते. यकृतासाठी पाहायचे ते एएसटी आणि एएलटी. ते मर्यादेच्या दुप्पट झाले, प्लेटलेट १,००,००० च्या खाली गेल्या आणि एलडीएच (पेशी फुटल्या की वाढणारे एन्झाइम) ६०० च्या वर गेले, तर तो हेल्प सिंड्रोम, म्हणजे रक्तपेशी फुटणे, यकृत बिघडणे आणि प्लेटलेट घटणे हे एकत्र असलेला गंभीर प्रकार, असू शकतो. त्यात बीपी फार चढलेले असेलच असे नाही. पोटाच्या वरच्या भागातले दुखणे आम्लपित्त समजून दवडले जाते, हा या आजारातला सर्वांत घातक गैरसमज आहे.

प्लेटलेटच्या दोन आकड्यांतला फरक बहुधा नळीतला आहे. जांभळ्या झाकणाच्या नळीतल्या ईडीटीए या रक्त गोठू न देणाऱ्या द्रव्यामुळे काहींच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि यंत्र त्या गुठळ्या मोजत नाही. काचपट्टीवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला सांगा आणि सायट्रेटच्या नळीत पुन्हा मोजून घ्या. सायट्रेटच्या नळीत द्रव जास्त असतो म्हणून आलेल्या आकड्याला १.१ ने गुणतात. मात्र गुठळ्या प्रत्यक्ष दिसल्याशिवाय ८२,००० खोटे मानू नका. तोवर तोच खरा धरायचा. तसेच रक्त जोर लावून ओढले, सुई बारीक होती, नळी जोरात हलवली, तर पेशी फुटतात आणि एलडीएच, एएसटी, पोटॅशियम खोटेच वाढतात. रिपोर्टवर ‘हिमोलाइज्ड’ असा शेरा असेल तर आधी नवा नमुना द्या.

प्रश्न : युरिक ॲसिड ६.८ आले. पथ्य काय करावे?

पथ्य नको. या आजारात मूत्रपिंड युरिक ॲसिड कमी बाहेर टाकते, म्हणून ते वाढते. ते खाली आणल्याने आजार हटत नाही. आजार असल्याची ती एक साथीची खूण आहे. एकटीच्या जोरावर निदान किंवा प्रसूतीचा निर्णय होत नाही.

प्रश्न : माझी बहीण ३४ आठवड्यांना बाळंत झाली, बाळ १.६ किलोचे. तिसऱ्या दिवशी बाळाच्या प्लेटलेट ८८,००० आणि पांढऱ्या पेशीही कमी. जंतुसंसर्ग आहे का? आणि आईचे आकडे एवढे वाईट होते, मग बाळाचे रक्त जन्मतःच तपासून पुढचे सगळे सांगता येत नाही का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी. आईचे गुणोत्तर वारेबद्दल बोलते. बाळाचे पुढचे आयुष्य जास्त करून तीन गोष्टींवर अवलंबून असते : किती आठवड्यांना जन्मले, पोटात किती वाढले, जन्माच्या वेळी प्राणवायू किती मिळाला. तिसरीसाठी नाळेच्या धमनीतल्या रक्ताचा पीएच पाहतात. तो ७.० च्या खाली असेल तर बाळावर बारीक नजर ठेवावी लागते.

आता प्लेटलेट. पोटात दीर्घकाळ प्राणवायू कमी मिळालेल्या बाळाचा अस्थिमज्जा तांबड्या पेशी जास्त बनवतो आणि प्लेटलेट व न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) कमी. म्हणून या तिन्ही गोष्टी बरोबर दिसतात. प्लेटलेट पहिल्या ७२ तासांत उतरतात, साधारण चौथ्या दिवशी तळाला जातात आणि सात ते दहा दिवसांत आपोआप वर येतात. न्यूट्रोफिल बहुतेकांत तीन दिवसांत सावरतात. तिसऱ्या दिवशीचे ८८,००० या चालीत बसते. बाळ दूध घेते आहे, हालचाल चांगली आहे, रक्तस्राव नाही, तर रोज किंवा दिवसाआड मोजत राहणे पुरेसे असते.

हे उत्तर पुढील स्थितीत लागू होत नाही. प्लेटलेट ५०,००० च्या खाली गेल्या, बाळाचे वजन आठवड्यांच्या मानाने चांगले असूनही कमी झाल्या, पहिले तीन दिवस ठीक होत्या आणि मग कोसळल्या, किंवा बाळ मलूल आहे, पोट फुगले आहे, श्वास थांबतो आहे, तर आईच्या आजाराला दोष देऊन थांबू नये. जंतुसंसर्ग किंवा आतड्याचा दाह शोधायचा. सीआरपी (जंतुसंसर्गात वाढणारे रक्तातले प्रथिन) जन्मल्या जन्मल्या एकदाच करून निर्धास्त होऊ नका. ते वाढायला काही तास लागतात, म्हणून २४ तासांनी पुन्हा करतात. रक्तस्राव नसलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाला प्लेटलेट चढवण्याची सीमा २५,००० धरणे ५०,००० धरण्यापेक्षा सुरक्षित ठरते, असे २०१८ च्या चाचणीत दिसले. आकडा वाईट दिसतो म्हणून पिशवी लावण्याचा आग्रह धरू नका.

टाचेतून पिळून काढलेल्या रक्तात प्लेटलेट चिकटतात आणि हिमॅटोक्रिट (रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा) खरे असते त्यापेक्षा जास्त येते. तांबड्या पेशी फार झाल्या हे निदान शिरेतल्या रक्तात हिमॅटोक्रिट ६५ टक्क्यांच्या वर आल्यावरच करतात.

प्रश्न : मी नवजात विभागात परिचारिका आहे. आईला झटके टाळण्यासाठी मॅग्नेशियम आणि बीपीसाठी लॅबेटॅलॉल दोन्ही दिलेले असताना बाळाकडे पहिल्या दोन दिवसांत काय पाहावे?

मॅग्नेशियम वारेतून बाळात जाते. आईला ४ ग्रॅम शिरेतून आणि पुढे ताशी १ ग्रॅम बराच वेळ मिळाले असेल तर बाळ सैल पडते, चोखत नाही, श्वास उथळ घेते, पहिली शी उशिरा करते. हे संसर्गासारखे किंवा गुदमरल्यासारखे दिसते, म्हणून कागदावर एकूण मात्रा आणि बंद केल्याची वेळ लिहिलेली हवी. मॅग्नेशियम मूत्रपिंडातून जाते. बहुतेक बाळे एक-दोन दिवसांत सावरतात. तोवर श्वास आणि ऑक्सिजन यंत्रावर पाहायचा, चोखत नसेल तर नळीने आईचेच दूध द्यायचे. अशा बाळाला जेंटामायसिन हे प्रतिजैविक देण्याची वेळ आली तर डॉक्टरांना मॅग्नेशियमची आठवण करून द्या. दोन्हींचा स्नायूंवरचा परिणाम मिळून श्वास थांबू शकतो.

लॅबेटॅलॉलमुळे साखर उतरते आणि ठोके मंदावतात. बाळ मुळात लहान असेल तर यकृतातला साठाही थोडा असतो, त्यामुळे साखरेला दुहेरी धोका. पहिल्या तासात अंगाला अंग लावून स्तनपान, दुसऱ्या पाजण्याआधी पहिली साखर, मग दर तीन ते सहा तासांनी, किमान २४ तास. लहान बाळात ४८ तास. ४५ मिग्रॅच्या खाली गेली तर ४० टक्के डेक्स्ट्रोज जेल किलोला ०.५ मिली गालाच्या आत चोळून लगेच पाजतात. लक्षणे असतील किंवा फारच खाली गेली असेल तर १० टक्के डेक्स्ट्रोज किलोला २ मिली शिरेतून, म्हणजे १.६ किलोच्या बाळाला ३.२ मिली, आणि पुढे चालू सलाइन. घट्ट रक्तात ग्लुकोमीटर साखर कमी दाखवतो, म्हणून कमी आकडा प्रयोगशाळेत पडताळायचा. मात्र उपचार त्यासाठी अडवायचा नाही. नमुना फ्लुओराइडच्या नळीत घालून तडक पाठवा. टेबलावर ठेवलेल्या नळीत पेशी साखर खात राहतात आणि आकडा आणखी उतरतो.

प्रश्न : बाळंतपण होऊन पाच दिवस झाले. वार पडली की आजार जातो असे ऐकले होते, पण बीपी १५२/९८ आहे.

वार पडली की आजाराचे मूळ जाते. पण अंगात साचलेले पाणी पुन्हा रक्तात येते आणि तिसऱ्या ते सहाव्या दिवसादरम्यान बीपी उलट चढते. नेमक्या याच दिवसांत घरी सोडलेले असते. झटकेही प्रसूतीनंतर येऊ शकतात, बहुतेक पहिल्या ४८ तासांत, पण त्यानंतरही. १५२/९८ ला औषध लागते. निफेडिपिन, लॅबेटॅलॉल, एनालाप्रिल घेत स्तनपान करता येते. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल आधी वापरा. बाकी वेदनाशामके डॉक्टरांना विचारून.

पहिला आठवडाभर रोज बीपी मोजा, औषध स्वतःहून बंद करू नका. प्लेटलेट आणि यकृताचे आकडे बिघडलेले होते तर ते नॉर्मल होईपर्यंत तपासा. सहा आठवड्यांना बीपी आणि लघवी दोन्ही पाहा. लघवीत प्रथिने तीन महिन्यांनीही राहिली तर मूत्रपिंडतज्ज्ञांकडे जा. पुढे दर वर्षी एकदा बीपी मोजत राहा, कारण हा आजार झालेल्या स्त्रियांत हृदयविकाराचा धोका सुमारे दुप्पट असतो. आणि पुढचे गरोदरपण असेल तेव्हा ही फाइल पहिल्याच भेटीत डॉक्टरांसमोर ठेवा, म्हणजे ॲस्पिरिन १६ आठवड्यांच्या आत सुरू होईल.